सहाचं पाणी

बस दत्ता, चहा घे. ही पुढच्या दाराची चावी, ही मागच्याची. कढीपत्त्याच्या कुंडीला एक दिवसाआड पाणी घाल आणि गुरुवारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेव. एवढंच असतं तर मी तुला व्हॉट्सॅपवर लिहून पाठवलं असतं, सकाळची मीटिंग बुडवायला लावली नसती. आता अकराला पाच कमी आहेत. साडेअकराच्या आत मला सगळं सांगून संपवायचंय, त्यामुळे हसायचं असेल तर शेवटी हस.

खरं काम लाँड्रीतल्या कपाटात आहे. दार उघडंच आहे, इथूनही दिसतं. हीटरची गरम हवा नेणाऱ्या डक्टला चिकटलेला तो पांढरा डबा म्हणजे अख्ख्या घराचा ह्युमिडिफायर. हिवाळ्यात गॅसच्या हीटरने घरातली हवा कोरडी होते, ओठ फुटतात, घसा धरतो. म्हणून हा डबा त्या गरम हवेत ओलावा मिसळतो. आत जाळीचं पॅड असतं, त्यावर वरून पाणी ठिबकतं, हवा त्यातून जाते आणि उरलेलं पाणी नळीने खाली बादलीत पडतं. कागदावर फार सुंदर. आमच्या आधीचा मालक कॅनडाचा होता. त्याने हा हौसेने बसवला आणि घर विकून क्वीन्सलँडला निघून गेला, जिथे म्हणे हवा इतकी दमट की चादरीसुद्धा वाळत नाहीत.

इथे टार्निटमध्ये हे मशीन ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पॅड दर वर्षी बदलायचं आणि ते परदेशातून मागवायचं. मेलबर्नचं पाणी मऊ म्हणतात, तरी पांढरा थर बसतोच, तो काढायचा. उन्हाळ्यात डक्टची झडप बंद करायची, हिवाळ्यात उघडायची आणि दर वेळी दांडी कुठल्या बाजूला फिरवली की उघडते हे विसरायचं. प्लंबरला बोलावलं तर तो कपाटात डोकं घालून मलाच विचारतो, "व्हॉट्स दॅट, मेट?" स्वप्ना पहिल्या वर्षापासून सांगत होती की काढून टाक. तेव्हा बायकोचं ऐकलं असतं तर आज तुझ्यासमोर ही कटकट घेऊन बसलो नसतो.

काढलं नाही ते बाबांमुळे.

बाबा, म्हणजे यादवराव, आमच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. आमच्याकडे नळाला दिवसभर पाणी नसतं. एकेका भागाला ठरलेल्या वेळी सुटतं आणि ते सोडतो व्हॉल्व्हमन. सायकलला चार फुटी लोखंडी चावी बांधायची आणि पहाटेपासून चौकाचौकातले व्हॉल्व्ह उघडत, बंद करत गावभर फिरायचं. आमच्या वस्तीला पाणी दुपारी यायचं, तेही सगळ्या गावाचं झाल्यावर उरलं तर. बाबांच्या हातात चावी आली त्या आठवड्यापासून ते सकाळी सहाला यायला लागलं. सहा ते पावणेसात, बाकीच्या गावासारखंच. त्यांना दोन मेमो मिळाले. ते त्यांनी घडी करून पेटीत ठेवले आणि सहाची वेळ काही बदलली नाही.

व्हॉल्व्ह उघडायच्या आधी ते चावीने पाइपवर तीनदा ठोकायचे. आवाज पाइपातून घरोघरी जायचा आणि बायका हंडे घेऊन नळावर यायच्या. बंद करताना मात्र अगदी हळू, धडकन बंद केलं की पाण्याला धक्का बसतो म्हणून. हाताखाली माणूस घ्यायचा तर त्यांची परीक्षा एकच होती. चावी पाइपवर टेकवायची आणि दांड्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा. ज्याला आत पाणी ऐकू येईल तो कामाचा. मला कधीच ऐकू आलं नाही. माझा धाकटा भाऊ अनुप, तोही नापास. मग आम्ही दोघं मुकाट्याने पुस्तकांकडे वळलो.

तर बाबा आणि आई एप्रिल दोन हजार वीसमध्ये इथे यायचे होते. तिकिटं काढली होती, आणि पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. विमानं बंद, बॉर्डर बंद. रिटायर माणूस, गावात लॉकडाऊन, हातात स्मार्टफोन. ते या मशीनच्या मागेच लागले. रोज व्हिडिओ कॉल. "कॅमेरा खाली घे. अजून खाली. तो नळ दाखव." तो डब्याखालचा पितळी नळ दिसतोय ना, ज्यातून मशीनला पाणी जातं? तो गळत होता. मिनिटाला एक थेंब, पण बाबांच्या लेखी मिनिटाला एक थेंब म्हणजे अख्खं गाव वाहून चाललं.

"सूत गुंडाळ अन् सफेदा लाव," ते म्हणायचे. नळाच्या आट्यांवर धागा आणि वर पांढरा लेप, ही जुन्या प्लंबरांची पद्धत.

"बाबा, इथे सूत-सफेदा नाही मिळत. टेप असते पांढरी."

"टेपनं काय होते? सूत आण."

इथल्या लॉकडाऊनमध्ये मी घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जाऊ शकत नव्हतो आणि ते मला सूत आणायला सांगत होते. मी चिडायचो. चांगलाच चिडायचो दत्ता, खोटं कशाला बोलू. दिवसभर घरातून काम, ऐश्वर्याची शाळा आयपॅडवर, स्वप्ना म्हाताऱ्यांच्या एज्ड केअरमधल्या शिफ्टवरून येऊन गराजमध्ये कपडे बदलणार, आणि त्यात हा थेंब.

सप्टेंबरमध्ये बाबांना कोविड झाला. तिसऱ्या दिवशी वॉर्डात नेलं. पाचव्या दिवशी तिथल्या एका नर्सने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. मास्कच्या आतून त्यांनी मला एकच विचारलं. "तुझा नळ गळायचा थांबला का?"

मी म्हणालो, "सोडा ना बाबा ते आता."

हे आमचं शेवटचं बोलणं. त्या शब्दांची मला अजून लाज वाटते.

आता तू म्हणशील, हा भुताची गोष्ट सांगतोय. आमच्या घरात भूत-पिशाच्च कधी नव्हतं. बाबा कडक बौद्ध. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की ते त्याला तापाची गोळी द्यायचे. आपण मेल्यावर भूत होऊ, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली असती. म्हणून मी फक्त काय झालं ते सांगतो. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव.

बाबा गेल्यावर सातव्या दिवशी, रविवारी, जलदान विधी होता. आमच्यात माणूस गेल्यावर हा करतात. भंतेजी गाथा म्हणतात आणि घरचे लोक तांब्यातलं पाणी हळूहळू एका वाडग्यात ओततात, वाडगं भरून वाहीपर्यंत. वरचं पाणी उताराला जातं तसं आपलं पुण्य गेलेल्या माणसापर्यंत जावं, असा त्याचा भाव. विधी तिकडे अकराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीनला, झूमवर. तिकडे आई आणि अनुप ओतणार, इकडे मी.

त्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आज तो नळ दुरुस्त करायचाच. बाबांनी शेवटचं तेच विचारलं होतं ना. मीटरजवळचा मेन कॉक बंद केला, नळ खोलला, आता खोललंच आहे तर मशीनही साफ करू म्हणून पॅड काढलं आणि आतला पांढरा थर सुटायला व्हिनेगर ओतलं. व्हिनेगरचं पाणी बादलीत उतरलं. नळ पुन्हा बसवला, तो गळणारच हे कळत होतं, वरून टेप गुंडाळत बसलो. एकदम ऐश्वर्याची हाक आली, "डॅड, दे आर ऑल वेटिंग फॉर यू."

मी बादली हातात तशीच घेऊन धावत किचनमध्ये गेलो. स्क्रीनवर तीस माणसं. पांढरी साडी नेसलेली आई. भंतेजींनी गाथा सुरू केली होती. मी तांब्या घेऊन सिंकचा नळ उघडला तर नळ नुसता खोकला. मेन बंद. किटली कोरडी, फ्रीजमध्ये दूध आणि ज्यूस. कॅमेऱ्यात सगळे माझ्याकडे बघताहेत. अनुप म्हणाला, "दादा, पाणी घे."

तू म्हणशील, मीटरपर्यंत जाऊन यायचं, दोन मिनिटांचं काम. मला माहीत आहे. मनातल्या मनात मी त्या मीटरपर्यंत शेकडो वेळा जाऊन आलोय. त्या दिवशी नाही गेलो. बादली पायाशी होती, पाणी वरून नितळ दिसत होतं. मी तांब्या बुडवला. आणि बाबांच्या फोटोसमोर, तीस माणसांदेखत, वाडग्यात व्हिनेगर ओतलं. वाहीपर्यंत.

झूमवर वास येत नाही. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी साडेदहाला मी इथेच लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मेन चालू केला होता, पण मशीनचा प्लग काढलेला आणि तो पितळी नळ बंद. कपाटात आवाज झाला... ठक, ठक, ठक. लोखंडावर लोखंड. मग पाणी वाहायला लागलं. पाइपातून, भरल्या धारेने.

मी कपाट उघडलं. नळ बंद. डबा बंद. आवाज चालू. हात लावला तर पाइप थंडगार आणि थरथरता. जमिनीवर एक थेंब नाही. आणि घरभरच्या व्हेंटमधून हवा यायला लागली. हीटर बंद असताना. तिला वास होता. नगरपालिका पाण्यात टाकते त्या ब्लीचिंग पावडरचा वास. लहानपणी बाबा जेवायला बसले की त्यांच्या हाताला यायचा, अगदी तो. खिडक्यांवर आतून दव धरलं. भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा चाळीसवरून ऐंशीच्या पुढे गेला.

सव्वाअकराला आवाज कमी होत गेला. एकदम थांबला नाही. कुणीतरी हळूहळू, धक्का न देता बंद केल्यासारखा विरत गेला.

तेव्हा माझं लक्ष नळाकडे गेलं. गळती थांबली होती. माझी टेप जमिनीवर सोलून पडली होती, आणि सांध्याला सूत गुंडाळलेलं होतं, वर सफेदा. बोट लावलं तर ओला.

स्वप्नाला घरी आल्यावर दाखवलं. ती म्हणाली, "तूच केलं असशील सुजित. आठवडाभर झोपला नाहीयेस तू." मंगळवारी तिला सुट्टी होती. साडेदहाला तिला कपाटाशी उभं केलं. काचा धुरकटलेल्या तिला दिसल्या. "मशीन खराब आहे, मी किती वर्षं सांगतेय," म्हणाली. आवाज? "कसला आवाज?" वाससुद्धा नाही. ऐश्वर्या काचेवरच्या दवात बोटाने मांजर काढत होती. तिलाही काही नाही.

रोज साडेदहा ते सव्वाअकरा. मी एक्सेल शीट केली, हस नको, आपल्या आयटीतल्या लोकांना दुसरं काय येतं. लाइन कुठे जोडलीय ते पाहिलं, शेजारचं पाणी कधी चालू होतं ते पाहिलं. प्लंबिंग कंपनीला फोन केला. तिकडची बाई म्हणाली, "इज इट अॅन इमर्जन्सी?" पाणी नसताना पाण्याचा आवाज येतो हे इमर्जन्सीत बसतं का, ते तिच्या फॉर्मवर नव्हतं. मग ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, इथल्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यासाठी, घड्याळं एक तास पुढे गेली. साडेदहाला मी कपाटाशी उभा, सगळं शांत. मला वाटलं, सुटलो. साडेअकराला... ठक, ठक, ठक.

साध्या टायमरचंही असंच झालं असतं म्हणा. पण या मशीनला टायमर नाही. मी किचनमधल्या दोन घड्याळांकडे बघितलं, एक इथलं, एक आईसाठी लावलेलं तिकडचं. तिकडच्या घड्याळात सहा वाजले होते.

मी जमिनीवर बसलो. रडलो. बाबा रोज सहाला पाणी सोडत होते आणि मी एक्सेल भरत होतो.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "काय सांगू बापा, सहाचं पाणी आंबट येऊन राह्यलं."

"म्हणजे?"

"लोणच्याच्या बरणीत पाणी घातल्यावानी. चहा नासते. साऱ्या वस्तीचं तसंच, अन् बाकीच्या गावाचं चांगलं. नगरपालिकेची माणसं येऊन पाहून गेली, त्याहिले काई सापडलं नाही."

"कधीपासून, आई?"

"तुह्या बाबाच्या जलदानापासून."

मी दिलेलं पोचलं होतं, दत्ता. भाव नाही, पुण्य नाही, तेच पाणी पोचलं होतं. आयुष्यभर ज्या माणसाने त्या वस्तीला पाणी पाजलं, त्याच्या हाताने मी तिला व्हिनेगर पाजत होतो. आणि आई ते पीत होती.

दुसऱ्या दिवशी मी मशीन पुन्हा खोललं. साध्या पाण्याने सात वेळा धुतलं, नवं पॅड घातलं, बादली घासली. साडेअकराला तीन ठोके पडले तेव्हा हात जोडले, बाबांची माफी मागितली आणि तो पितळी नळ स्वतः उघडला, हळूहळू. स्वच्छ पाणी पॅडवरून बादलीत उतरत राहिलं. पंचेचाळीस मिनिटांनी तसाच हळूहळू बंद केला. दुपारी आईचा फोन. "आज पाणी गोड आलं रे."

मला वाटलं, झालं, चूक सुधारली. मी सुटलो आणि बाबाही सुटले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोके पडले. तिसऱ्या दिवशीही. म्हणून मी रोज उघडायला लागलो. सुरुवातीला तो प्रवाह आपोआप चालायचा, आता मी उघडल्याशिवाय चालत नाही. असं का, हे मला विचारू नकोस. नियम मी केलेले नाहीत.

मागच्या जानेवारीत थोडी मोकळीक मिळाली, तेव्हा स्वप्नाच्या हट्टापायी आम्ही ग्रॅम्पियन्सला गेलो, दोनच दिवस. निघताना मी सवयीने मेन बंद केला. दुसऱ्या दिवशी डोंगरावर रेंज आली आणि अनुपचे सहा मिस्ड कॉल दिसले. वस्तीला पाणी आलं नव्हतं. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडलेला, नळ कोरडे. अनुप फोनवर अगदी हळू बोलत होता. "दादा, सहापासून पाइप वाजत होते. प्रत्येक घरात. तीन ठोके... मग थांबून पुन्हा तीन. पावणेसातपर्यंत. लोक घाबरलेत. आई म्हणते, हे ठोकणं तिच्या ओळखीचं आहे."

मी त्याच दिवशी गाडी काढली. साडेतीन तासांत घरी. तेव्हापासून मी एकदाही चुकवलं नाही. ऑफिसच्या कॅलेंडरवर साडेअकरा ते सव्वाबारा रोज बंद, हिवाळ्यात एक तास आधी. मॅनेजरला वाटतं, मी मेडिटेशन करतो.

आता बॉर्डर उघडली. दोन वर्षांनी. आईची अँजिओप्लास्टी सोमवारी आहे. ती फोनवर म्हणाली, "बाबाले पाह्यलं नाही, मले तरी येऊन पाह्य." स्वप्नाने तिघांची आज रात्रीची तिकिटं काढली आणि सांगितलं, या वेळी त्या डब्यापायी थांबलास तर मी तुला माफ करणार नाही. तिचं बरोबर आहे. मी गेलो नाही तर आई, आणि गेलो तर वस्ती. हे असं आहे. कुणाला सांगणार? आपल्या मित्रांपैकी गणेशला इथे आणून उभं केलं, श्रीनाथलाही. ठोके पडत असताना दोघं माझ्याकडे बघत राहिले, मग चहा पिऊन गेले. ज्याला ऐकूच येत नाही तो उघडणार कधी आणि बंद करणार कधी? घड्याळावर जमत नाही, मी करून पाहिलंय. कधी ते दोन मिनिटं आधी येतात, कधी उशिरा, सायकलवरच्या माणसासारखं.

काम तसं सोपं आहे. बादली रोज घास, साबण नको. पॅडला पांढरं चढलं तर ब्रश, फक्त ब्रश. व्हिनेगर या घरात आणायचं नाही, कपाटात एक बाटली होती तीही मी टाकून दिली. आणि मेन कॉकला हात लावायचा नाही.

अकरा अठ्ठावीस. ये इकडे. तिथे नको, इथे, पाइपच्या जवळ. प्लग काढलेला आहे, बघून घे. हीटर बंद. बाहेर तेहतीस डिग्री आहे आणि डक्टची झडप बंद. नळावर हात नको ठेवूस अजून. फक्त ऐक...

...

...

किती?

नाही, तोंडाने सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तीन. बस.

दत्ता, माझ्याकडे असं बघू नकोस. तुला ऐकू येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. मी आज तिकीट कॅन्सल करायचा फोन करायची तयारी ठेवली होती. परत आलो की मी तुला सोडवतो. सोडवता आलं तर.

आता उघड. हळू, अजून हळू, हां. हाताला पावडरचा वास येईल, तो धुऊन जात नाही, साबण वाया घालवू नकोस. चावी खिशात टाक. आणि उद्या उशीर करू नकोस. तिकडे सहा वाजलेले असतात आणि बायका हंडे लावून उभ्या असतात.